पाहुणा खांब

"सरळ भिंत नावाची वस्तू या जगात नाही. सरळ असते ती फक्त भिंतीकडे बघणाऱ्याची नजर!"

ओळंबाकाकांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा त्यांची मान ताठ होती, डावा हात कमरेवर होता आणि उजवा हात समोरच्या भिंतीवर आशीर्वाद दिल्यासारखा टेकलेला होता. ऐकणारे चौघे होते. वाक्याचं वजन पेलायला त्यांना थोडा वेळ लागला. मग रंगारी खाकरला.

"काका, वाक्य झकास. पण भिंत ओली आहे."

काकांनी हात उचलला. फिकट निळ्या रंगात पाच बोटांसकट अख्खा पंजा उमटला होता, इतका स्वच्छ की त्यावरून कोणीही त्यांचं भविष्य सांगितलं असतं. कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"वाळलं की एक हात मार," काका म्हणाले. "कळणार नाही कोणाला."

"कळणार नाही कोणाला" हे काकांचं दोन नंबरचं आवडतं वाक्य. एक नंबरचं, "जागेवर बघू." या दोन वाक्यांच्या भांडवलावर त्यांनी एकतीस वर्षं इमारतींची आतली कामं पार पाडली होती. इमारत उभी करणारे उभी करून निघून जातात. त्यांच्या चुका मागे राहतात आणि आतलं काम करणाऱ्यांच्या गळ्यात पडतात. गवंड्याची चूक प्लास्टरवाला झाकतो, प्लास्टरवाल्याची लादीवाला, लादीवाल्याची सुतार, सुताराची रंगारी. आणि रंगाऱ्याची चूक घरमालक स्वतःच्या हाताने तिथे कॅलेंडर लावून झाकतो. या सगळ्या झाकाझाकीवर देखरेख ठेवणारा माणूस म्हणजे फोरमन, आणि फोरमन म्हणजे काका. ओळंबा, म्हणजे भिंत उभी सरळ आहे का ते पाहायला दोरीला टांगतात ते वजन. त्यावरून त्यांना नाव पडलं होतं खरं, पण काकांनी प्रत्यक्ष ओळंबा सोडलेला गेल्या दहा वर्षांत कोणी पाहिला नव्हता. ते एक डोळा मिटून बघत. तेवढं पुरे होई.

सध्याचं काम डोळ्यांच्या दवाखान्याचं होतं. जुन्या इमारतीचा एक मजला, त्यात अकरा खोल्या, मालकीण स्वतः डोळ्यांची डॉक्टर. या डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा चष्मा बशीच्या बुडाएवढा जाड होता, आणि त्या बोलत इतक्या हळू की समोरच्याला आपणच आतापर्यंत ओरडत होतो असं वाटायला लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, की सगळं काम आधी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये होईल आणि मग भिंतीवर.

मॉडेल म्हणजे काय, हे काकांना रंगाऱ्याने समजावलं होतं आणि रंगाऱ्याला कोणी समजावलं ते कळायला मार्ग नाही. कागदावरचा नकाशा नुसती रेघ दाखवतो. मॉडेलमधली भिंत मात्र तोंडाने बोलते. तिच्यावर बोट ठेवलं की ती आपली उंची, जाडी, आत वीट आहे की बोर्ड, पुट्टीचे हात किती, रंगाचा नंबर काय, सगळं घडाघडा सांगते. छतातली हवेची नळी आणि दिव्याची पट्टी एकाच जागी येत असेल, तर दोन्ही लाल होतात आणि पडद्यावर 'टक्कर' असं येतं. माणसं अजून शिडीवर चढलेली नसतात आणि भांडण होऊन मिटलेलं असतं.

"मग आपण कशाला?" छतवाल्याने विचारलं होतं. हा खोटं छत टांगणारा माणूस. स्वभावही तसाच, वरून टांगलेला, ज्याचा जोर असेल त्या बाजूला झुलणारा.

"आपण मॉडेलच्या चुका काढायला," काका म्हणाले होते. आणि मग हळूच, अभिमान लपवण्याचा काडीचाही प्रयत्न न करता, "आणि मॉडेलवाली आमचीच आहे."

मॉडेलवाली म्हणजे काकांची एकुलती एक लेक. घरात तिला बारकी म्हणत, कारण लहानपणी ती होतीच तशी. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती, पण नाव काही वाढलं नाही. तिने शिकून ही विद्या मिळवली, एका कचेरीत लागली, आणि तिची पहिली मोठी जबाबदारी म्हणून हा दवाखाना तिच्याकडे आला. बाप आणि लेक एका कामावर. सकाळी एकाच बसने यायचं, दवाखान्याच्या दाराशी आल्यावर तिने 'काका' म्हणायचं आणि यांनी 'मॅडम' म्हणायचं, असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात काकांनी तिला सोळा वेळा 'मॅडमबाळ' म्हटलं.

तरी काकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दोन महिने हेच. एकतीस वर्षं घरी आल्यावर त्यांना कोणी "आज काय केलंत?" असं विचारलं नव्हतं. बायको शिवणकाम करायची. तिच्या तोंडात कायम टाचण्या असत, त्यामुळे प्रश्न विचारण्यात तिला शारीरिक अडचण होती. आणि आता रोज संध्याकाळी चहा पुढे ठेवून लेक विचारत होती, "बाबा, भिंत वाकडी निघाली तर तुम्ही काय करता?" काका चहा विसरून सांगत. लादीचा कापलेला तुकडा नेहमी दाराच्या मागे जाईल असा का लावायचा. छत एका बाजूला उतरतं असेल तर कडेची पट्टी कशी जाडी बदलत न्यायची, की डोळ्याला पत्ता लागू नये. कोपरा काटकोनात नसेल तर तिथे झाडाची कुंडी ठेवायचा सल्ला मालकाला कसा द्यायचा, आणि तोही अशा थाटात की त्याला वाटावं, आपल्यालाच सुचलं.

"आणि अगदीच काही जमेना, तर पाहुणा," काका एकदा म्हणाले.

"पाहुणा म्हणजे?"

"खोटा खांब गं. भिंतीला पोट आलंय, कुठे रेघ चुकलीय, नळ नको तिथून आलाय. चारी बाजूंनी बोर्ड मारायचा, पुट्टी, रंग, आणि सांगायचं खांब आहे. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. न बोलावता येतो, पण एकदा आला की त्याला जा म्हणायची कोणाची छाती होत नाही. खांब म्हटलं की माणूस गप्प. इमारत पडेल ना!"

बारकी हसली नाही. तिने फक्त कप बाजूला सरकवला आणि बापाच्या मागच्या भिंतीकडे बघत बसली. काकांना वाटलं, पोरगी भारावली.

आता दवाखान्यातल्या सात नंबरच्या खोलीकडे यायला हवं. ती नजर तपासायची खोली. अशा खोलीत, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून समोरच्या अक्षरांच्या फलकापर्यंत बरोबर सहा मीटर अंतर लागतं. पावणेसहा नाही, सव्वासहा नाही. खुर्ची मागच्या भिंतीला जखडलेली, तेव्हा ती हलणार नाही. आणि समोरच्या भिंतीला, जिथे फलक लागायचा नेमक्या त्याच जागी, पोट सुटलेलं. कोणे एके काळी कोणीतरी आत नळ दाबला होता आणि वर प्लास्टरचा थर चढवला होता. ते पोट उतरवायचं तर प्लास्टर फोडायचं, नळ सरकवायचा, खाली नव्या लाद्यांवर धूळ, शेजारच्या खोलीचा रंग पुन्हा. शिवाय फोडाफोड म्हणजे चुकलं असं कबूल करणं, आणि कबूल करण्याची काकांना सवय नव्हती.

"सातमध्ये पाहुणा बसवतोय," एका संध्याकाळी त्यांनी लेकीला आपण होऊन सांगितलं. "छान चौकोनी खांब. त्यावर फलक टांगला की खांबाला शोभा येईल. मॉडेलमध्ये घालू नकोस हं. हे तुझ्यामाझ्यात."

"किती पुढे येईल?"

"चौदा सेंटिमीटर. कळणार नाही कोणाला."

आठवड्याभराने, बुधवारी, बसमधून उतरताना बारकी म्हणाली, "बाबा, उद्याच्या मीटिंगच्या आधी सात नंबरबद्दल आपण नीट बोलू या का? जरा महत्त्वाचं आहे."

काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "जागेवर बघू."

*

गुरुवारी सकाळी अकराला स्वागतकक्षात पांढरा पडदा लागला. डॉक्टरीणबाई पुढे, त्यांच्यामागे छतवाला, रंगारी, आणि सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून, काका. ते मुद्दामच मागे उभे होते. लेक बोलत असताना बाकीच्यांचे चेहरे त्यांना बघायचे होते.

बारकीने दवाखाना पडद्यावर उभा केला. छत काढून बाजूला ठेवलं, परत लावलं, भिंतींतून आरपार गेली. छतवाल्याने "आईशप्पथ!" म्हटलं. काका छतवाल्याच्या मानेकडे बघून हसले.

"गेल्या आठवड्यात आपण पूर्ण मजल्याचं लेझर स्कॅन केलं," ती म्हणाली. "म्हणजे मॉडेलमध्ये काय ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालंय, ते आता एकावर एक ठेवून बघता येतं. फरक असेल तिथे लाल."

तिने एक बटण दाबलं, आणि दवाखान्याला गोवर आला.

दाराच्या मागचे लाद्यांचे तुकडे लाल. जाडी बदलत जाणारी छताची पट्टी लाल. दोन नंबरमधला कुंडीचा कोपरा लाल. काकांच्या अकरा खोल्यांतल्या अकरा युक्त्या, संध्याकाळच्या चहाबरोबर एकेक करून सांगितलेल्या, पडद्यावर ओळीने चमकत होत्या आणि प्रत्येकीला नंबर होता. नंबर एक होता: 'पश्चिमेची भिंत, रंगात हाताचा ठसा, पाच बोटे.'

रंगारी फसकन हसला, मग मागे वळून काकांना पाहिलं आणि हसू गिळलं.

"यातल्या बऱ्याचशा गोष्टी चालण्यासारख्या आहेत," बारकी म्हणाली. "उलट काही तर फार हुशारीने केल्यात. त्या मी आहेत तशाच मॉडेलमध्ये घेतल्या. पण सात नंबर नाही चालणार. तिथे फलकाच्या जागी एक चौकोनी खोकं आलंय. त्यामुळे सहा मीटरचे पाच मीटर शहाऐंशी झालेत."

डॉक्टरीणबाई खुर्चीतल्या खुर्चीत वळल्या. "काका, ते काय आहे तिथे?"

आता, या प्रश्नाला डझनभर उत्तरं होती. नळ आहे. पोट आहे. चुकलंय, काढतो. पण एकतीस वर्षांची सवय काकांच्या जिभेवर आधीच येऊन बसली होती.

"खांब आहे," काका म्हणाले.

बारकीने पडद्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर लहानपणी दात पडताना असायचा तसा भाव होता.

"बाबा," ती म्हणाली. काका नाही, बाबा. "तिथे खांब नाही."

इमारत पडली नाही. पडली असती तर काकांची निदान सोय झाली असती.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," छतवाला म्हणाला, "की हे मॉडेल म्हणजे मॉडेल आहे!" पहिल्यापासून तो नेमकं काय म्हणत होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. रंगाऱ्याने बुटाच्या टोकाने जमिनीवरचा रंगाचा थेंब खरवडायला घेतला. एकोणीस वर्षं हा माणूस काकांच्या डब्यातली अर्धी भाजी खात आला होता, आणि आज त्याला त्या थेंबात एवढं काय दिसत होतं कोण जाणे.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तरी परवडलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सात नंबर फोडून नीट करा. आणि आजपासून, मॉडेलमध्ये नाही ते भिंतीवर नाही." मग आणखी हळू, "काका, तुम्ही राहा हं. तुमचा सल्ला आम्ही घेत जाऊ."

सल्ला घेत जाऊ! जिवंत माणसाला भिंतीवर तसबिरीत टांगायचं झालं तर याहून चांगला खिळा नाही.

काकांनी टेप, पेन्सिल आणि डबा पिशवीत भरला. दाराशी बारकी आडवी आली.

"बाबा, मी काल बोलणार होते."

"मॅडम," काका म्हणाले, "जरा वाट द्या."

*

ते बसने गेले नाहीत. चार थांबे चालत गेले आणि वाटेत प्रत्येक इमारतीकडे संशयाने बघत गेले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: तुझ्यामाझ्यात म्हटलं होतं मी. तुझ्यामाझ्यात. परक्याने गळा कापला असता तर माणूस निदान ओरडतो. इथे चहा देऊन, "मग पुढे काय करता, बाबा?" असं गोड विचारून, एकेक युक्ती काढून घेतली पोरीने; आणि आपण खुळ्यासारखे, कोणीतरी विचारतंय या आनंदात, न विचारलेलंही सांगत बसलो. ती ऐकत नव्हती. नोंदवत होती.

घरी पोचले तर बारकी बसने येऊन आधीच पोचली होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बायको मधल्या बोळात शिवणयंत्राशी. तिची इस्त्रीची फळी, ठेवायला दुसरी जागा नसल्याने, नेहमीप्रमाणे झोपायच्या खोलीच्या दाराला टेकवलेली. ते दार उघडायचं म्हणजे आधी फळी उचलायची, दार उघडायचं, आत जायचं, फळी परत ठेवायची. गेली अठ्ठावीस वर्षं या घरात कोणी घाईने झोपायला गेलेलं नव्हतं.

"अहो, इतक्या लवकर?" बायको टाचण्यांमधून म्हणाली.

"लवकर नाही, कायमचा आलो!" काकांनी पिशवी आदळली. "विचार तुझ्या लेकीला. घरातच फितुरी म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं? माझ्या तोंडून काढून घेतलं आणि चारचौघांत पडद्यावर लावलं. नंबर घालून! माझ्या हाताचा ठसासुद्धा सोडला नाही, बोटं मोजली!"

"बाबा, चौदा सेंटिमीटर कमी पडत होते," बारकी म्हणाली. "तिथे रोज साठ माणसं नजर तपासायला बसणार. सगळ्यांचं माप चुकणार."

"चौदा सेंटिमीटर! अगं, चौदा सेंटिमीटरने कोणी आंधळा होतो का? कळलं नसतं कोणाला!"

"कशाचे चौदा सेंटिमीटर?" बायकोने आता टाचण्या काढून उशीत खोचल्या. माप म्हटलं की ती कान देई. अर्ध्या बोटाने चुकलेली बाही ती उसवून परत शिवत असे. "मला नीट सांगा. काय होतं तिथे?"

"काही नाही गं, पाहुणा होता."

"कोण पाहुणा?"

"कोण नाही, काय!" काका तापले होते. आपली बाजू घेणारं जगात आता हे एकच माणूस उरलं आहे आणि तिलाही मुद्दा कळत नाही, या भावनेने ते बोळात पुढे आले. "अगं, आमच्या धंद्यात असतं तसं. समज, खडूची रेघ मारलीय. भिंत रेघेच्या या अंगाला उचलायची की त्या अंगाला, हे घाईत विसरायला होतं. मग भिंत उभी राहिल्यावर दिसतं, की अरे, ही तर दोन वीत इकडे आली! आता काय, पाडायची? मग तेवढी फट आपण बोर्डाने बंद करतो, वर पुट्टी, वर रंग, आणि घरच्यांना सांगतो, इथे खांब आहे, हात लावू नका. झालं! आत पोकळ, बाहेर खांब. दिसायला इतका खरा, की..."

'की' म्हणताना, कसा दिसतो ते दाखवायला, त्यांनी उजवा पंजा बाजूला टेकवला. बोळाच्या कोपऱ्यात. खांबावर.

हात टेकल्यावर त्यांना कळलं, आपण कशावर हात टेकलाय.

बारकीने डोळे मिटून घेतले.

बायको आधी त्या हाताकडे बघत राहिली, मग हाताखालच्या कोपऱ्याकडे. मग ती उठली. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. त्या बोटाने तिने खांबावर टकटक केलं. आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. ती दोन पावलं सरकली, शेजारच्या भिंतीवर टकटक केलं. तिथे ठक्क. परत खांबावर. डब्बा.

"मी इथे कपाट मागितलं होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

काकांनी हात खांबावरून काढून खिशात घातला.

"तुम्ही म्हणालात खांब आहे. इमारत पडेल म्हणालात."

"तेव्हा मी नवीन होतो गं. रेघेची बाजू..."

"खालच्या मजल्यावरच्या वहिनी," ती त्यांचं वाक्य बाजूला सारून म्हणाली. "बरोब्बर ह्याच जागी त्यांचा फ्रिज आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा दारातूनच परत फिरले. मला वाटलं, त्या लोकांनी खांब काढून टाकला. आमच्या खालचा! अठ्ठावीस वर्षं मी त्या बाईशी चार शब्द सरळ बोलले नाही. बेजबाबदार माणसं म्हणून. ती बिचारी दर वेळी हसते माझ्याकडे बघून. आणि मी घरात जड वस्तू आणू दिली नाही. बहीण लोखंडी पेटारा देत होती, तिला नाही म्हटलं, का? तर खालून आधार नाही!" तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "रोज रात्री ती फळी उचलून झोपायला जाते मी. पोटुशी होते तेव्हाही. आणि तुम्ही बघत होता."

'कळणार नाही कोणाला' हे वाक्य काकांच्या ओठापर्यंत आलंदेखील नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

त्यांनी लेकीकडे मान वळवली. "तू... तुला ठाऊक होतं?"

बारकीने होकारार्थी मान हलवली. "तीन महिन्यांपूर्वी स्कॅनर शिकताना आपलं घर मोजलं होतं ना मी. तेव्हा तुम्हाला विचारलं, भिंतीत काय आहे? तुम्ही म्हणालात खांब. मी मॉडेलमध्ये खांब घातला. मॉडेल ऐकेना. सारखं लाल. म्हणे, वर खांब नाही, खाली खांब नाही, हा हवेत उभा आहे. मला वाटलं माझंच चुकतंय, दोन आठवडे चूक शोधत बसले. कचेरीत हसले मला. मग त्या दिवशी तुम्ही पाहुण्याची गोष्ट सांगितलीत, चहाच्या वेळी. तुम्ही अगदी त्या खांबाला टेकून बसला होता, बाबा."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"घरात कोणाची नजर तपासायची नव्हती," ती म्हणाली. "घरचं मॉडेल मी कोणालाच दाखवलं नाही. अजून त्यात खांबच आहे. लाल आहे, पण आहे."

काका शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले. सकाळपासून ते जिच्यावर फितुरीचा आरोप घेऊन चार थांबे चालत आले होते, तिने त्यांचं एक गुपित उघड केलं होतं आणि एक जपलं होतं. जे जपलं होतं, ते त्यांनी स्वतःच, कोणीही न विचारता, हातवारे करून सांगितलं होतं. म्हणजे फितूर कोण, हा हिशेब आता त्यांना लागेना. रंगारी, छतवाला, डॉक्टरीणबाई, लेक, असे ते एकेकाला पुढे उभे करून बघत होते आणि प्रत्येक वेळी रेघेच्या चुकीच्या बाजूला स्वतःच सापडत होते.

ते उठले. मान ताठ केली. डावा हात कमरेवर गेला. उजवा मात्र या वेळी त्यांनी विचारपूर्वक मोकळा ठेवला.

"ऐका दोघी," ते म्हणाले. "माणसाचं सगळं आयुष्य म्हणजे एक भिंत आहे. मी माझी भिंत वाकडी उचलली आणि एकतीस वर्षं लोकांना सरळ म्हणून दाखवली. धंद्यात खोटं बोललो ते धंद्यात गेलं. पण ज्या घरात माझा शब्द चालायचा, तिथेही मी पोकळ निघालो. आजपासून मी कुठल्याही भिंतीला हात लावणार नाही. टेप नाही, थापी नाही, काही नाही. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगतो, की मला सल्लाही विचारू नका. आणि तुझ्यापुढे," ते बायकोकडे वळले, "मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. तू जी शिक्षा देशील ती मान्य आहे. बोल."

बायकोने गळ्यातला मापाचा टेप काढला, एक टोक लेकीच्या हातात दिलं, आणि दोघींनी मिळून खांबाची रुंदी मोजली. मग उंची. मग तिने इस्त्रीची फळी दारापासून उचलून खांबाला लावून पाहिली आणि मान जराशी तिरकी केली.

"भिंतीला हात लावणं नंतर काय ते सोडा," ती म्हणाली. "आधी उद्या येताना दोन बिजागऱ्या आणा. साध्याच."